कृपया मागे पहा

११ मार्च १९९५, शनिवार. वाशीतल्या एका टायपिंग सेंटरात इंद्रजित ज्योतिबा शेडगे याने अठ्ठावीस रुपये पन्नास पैसे मोजून दिले. लग्नाचा बायोडाटा टाइप करण्याचे दहा, वीस झेरॉक्स प्रतींचे पंधरा आणि लांब पाकिटांचे साडेतीन. पैसे दिल्यावर त्याने पावती मागितली. बायोडाटाची पावती मागणारं गिऱ्हाईक तिथे पूर्वी कधी आलेलं नव्हतं.

"पावती कुणाला दाखवणार? मुलीला?" टाइप करणाऱ्या मुलीने विचारलं.

"नाही. फाइलला लावतो."

मुलीने हसू दाबलं आणि पावती फाडून दिली. तिच्या टेबलावर पाटी होती, रा. हौ. बर्गे. टाइप करतानाही तिने त्याला दोनदा अडवलं होतं. एकदा 'छंद' या रकान्यापाशी.

"छंद काय टाकू?"

"काही नाही."

"वाचन टाकते. सगळे तेच टाकतात."

"पण मी वाचत नाही."

"मुलीकडचे काय परीक्षा घेणारेत?"

"नको. खोटं नको."

तिने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. दुसऱ्यांदा अडवलं ते 'अपेक्षा' या रकान्यापाशी. तिथे त्याने 'अनुरूप' असं लिहून आणलं होतं. "अनुरूप म्हणजे नेमकं कशाला?" असं तिने विचारलं, तेव्हा इंद्रजितने छतावरच्या पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते अजून ठरवलेलं नाही."

इंद्रजित एकतीस वर्षांचा होता. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे तो स्टोअरकीपर. नऊ वर्षांत त्याच्या स्टोअरमधला एक बोल्टसुद्धा कमी भरला नव्हता. वडील ज्योतिबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते; पंचवीस वर्षं पाठीवर पोती वाहून आता मुकादम झाले होते. आई शालन. घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, मूळ गाव साताऱ्याकडे मेढ्याच्या पुढे. माणूस निर्व्यसनी, नोकरी पक्की, स्वतःचं घर. तरीही चौदा स्थळांनी नकार दिला होता आणि चौदाही नकारांचा मजकूर सारखाच होता. मुलगा चांगला आहे, पण बोलत नाही. एका मुलीने तर मधल्या माणसाकडे सरळ विचारणा केली होती, "मुका असला तर आधीच सांगा, आमची हरकत नाही, पण फसवणूक नको."

मुका तो मुळीच नव्हता. त्याला फक्त स्वतःबद्दल बोलता येत नसे. डब्यातल्या वार्निशबद्दल विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता, पण मुली वार्निशबद्दल विचारत नसत.

त्या शनिवारी संध्याकाळी मात्र घरात नवल घडलं. ताटावर बसल्या बसल्या इंद्रजित भाकरीकडे बघत म्हणाला, "आई, वाशीला टायपिंगमधे एक मुलगी आहे. बर्गे म्हणून."

शालनबाईंच्या हातातलं उलथणं तव्यावरच राहिलं. एकतीस वर्षांत मुलाने आपणहून काही मागितलं असेल तर ते मीठ.

"अवो," त्या आतून ओरडल्या, "ऐकलं का! पोरगं बोललं!"

ज्योतिबांनी बर्ग्यांचा ठावठिकाणा काढायला चोवीस तासही घेतले नाहीत. मार्केटात साताऱ्याकडचा माणूस शोधायचा तर कांद्याच्या दोन गाळ्यांत विचारलं की पुरतं. मुलीचं नाव राजलक्ष्मी, वडील हौसेराव, मूळचे कोरेगावकडचे. दिघ्याला राहतात, तिथल्याच एका वर्कशॉपात फोरमन. माणूस सरळ, पण पोरीचं लग्न का कुणास ठाऊक जुळत नाही.

आता इंद्रजितच्या आयुष्यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

त्याच्या कारखान्याच्या लॅबमध्ये कुंदन पाटील नावाचा पोरगा होता, पावणे गावातलाच. त्याचा एक चुलतभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे आणून दिले होते. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. समोर राक्षसाची गुहा आली की 'माझा माणूस आत जातो' म्हणायचं, फासा टाकायचा. दान चांगलं पडलं तर जगला, नाहीतर मेला. दर रविवारी दुपारी कुंदनच्या घराच्या गच्चीवर हा खेळ चाले. कुंदन गोष्ट सांगे. त्याची बहीण उन्नती तलवारबाज बाई होई. आणि त्यांचे वडील नामदेवशेट, ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आज कारखाने उभे होते, ते सुपारी कातरत बसत आणि प्रत्येक गोष्टीत मोडता घालत.

"ह्या राक्ससाची जमीन कोनाच्या नावावर हाय?" ते विचारत.

"बाबा, ती गुहा हाय. सातबारा नाय तिचा."

"मंग त्याला हुसकून लावताव, तं बदल्यात साडेबारा टक्के भूखंड देनार का नाय? आमाला भेटले, त्याला पन भेटायला पायजेत."

गेले आठ रविवार तिघं खेळत होती. इंद्रजितला कुंदनने १२ मार्चला पहिल्यांदा ओढून नेलं. "तुझा माणूस बनव," त्याने सांगितलं. इंद्रजितने बराच विचार करून राजाच्या धान्यकोठाराचा कोठारपाल बनवला. प्रामाणिक, सावध, हिशेबी. पहिल्या दहा मिनिटांत तो मेला. गुहेच्या तोंडाशी उभा राहून तो मशाली मोजत होता, तेव्हा मागून अस्वल आलं.

"इंद्या, अरे तू खेळतोयस की ड्युटीवर आलायस?" कुंदन म्हणाला. "तू जे नाहीस ते हो ना. चोर हो. दरोडेखोर हो. घराणंच वाईट घे. बापापासून सगळे बदमाश."

इंद्रजितने पिशवीतून कागद काढला. पिशवीत आदल्या दिवशीचे बायोडाटाचे कागद होते आणि कोरा कागद वापरणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. एका बाजूने भरलेला कागद दुसऱ्या बाजूने पाठकोरा असताना कोऱ्याला हात का लावायचा? माणसाची माहिती कुठल्या क्रमाने लिहायची, याचा एकच नमुना त्याला ठाऊक होता आणि तो कागदाच्या पुढच्याच बाजूला छापलेला होता. त्याने तोच क्रम धरला.

नाव: काळोजी वाघनखे. वय: ३१. उंची: पाच फूट सहा. रक्तगट: बी पॉझिटिव्ह. (स्वतःचंच लिहिलं, कारण वेगळं सुचेना.) व्यवसाय: वाटमारी, घरफोडी. अनुभव: अकरा दरोडे. कैद: दोन वेळा, दुसऱ्या वेळी भुयारातून पसार. वडील: घाटातले नामी दरोडेखोर, फासावर गेले. आई: जारणमारण जाणते. मामा: अर्धा राक्षस. छंद: कुलपं उघडणे. अपेक्षा: लूट.

आणि मग, ऑफिसात कुठलाही कागद मागच्या बाजूला चालू राहिला की तो जे करत असे ते त्याने हाताच्या सवयीने केलं. कागद उलटवून पुढच्या बाजूला तळाशी सुवाच्य अक्षरात लिहिलं, कृ. मा. प.

काळोजीने त्या दुपारी कमाल केली. इंद्रजित उठून उभा राहिला, आवाज चढवला, पहारेकऱ्याला खोटी मुद्रिका दाखवून फसवलं, उन्नतीच्या तलवारबाज बाईला भुयारातून बाहेर काढलं. नामदेवशेटांनी सुपारी कातरायची थांबवली. "काय रं, ह्यो आपला तोच का इंद्रजित? याच्या अंगात आलंय कोन?"

घरी आल्यावर इंद्रजितने काळोजीचा कागद पुढच्या रविवारी चटकन सापडावा म्हणून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला.

मंगळवारी ज्योतिबा दिघ्याला जाऊन आले. शुक्रवारी मार्केटातल्याच एका माणसाकरवी निरोप आला. रविवारी चार वाजता मुलाला पाठवा. एकट्याला.

"एकट्याला का?" शालनबाई म्हणाल्या. "आपल्यात असं असतंय व्हय?"

"मॉडर्न असतील," ज्योतिबा म्हणाले.

रविवारी, १९ तारखेला सकाळी, इंद्रजितने काळोजीचा कागद घ्यायला फाइल उघडली. त्याने वरचा कागद उलटला. कोरा. दुसरा उलटला. कोरा. सगळे झेरॉक्स कागद मोजले. एकोणीस, आणि एकोणीसही मागून कोरे.

"दादा, मंगळवारी तुम्ही कुठला कागद नेला?"

"सगळ्यात वरचा." ज्योतिबा दाढी करत होते. "पेटीत वरचा थर कायम चांगलाच असतोय, आंबा असू दे न्हायतर कांदा. पाव्हण्याला खालचा माल का द्यायचा?"

"वाचला का?"

"मी कशाला वाचू? तुला मी वळखतो की."

इंद्रजित तसाच उठून पावण्याला गेला. गच्चीवर नामदेवशेट एकटेच होते. त्याने सगळं सांगितलं. नामदेवशेट आधी पोट धरून हसले, डोळे पुसले, मग गंभीर झाले.

"पोरगी आवरते का तुना?"

आवडते, अशी इंद्रजितने मान हलवली.

"मंग जा. जासील तं आज मार खासील. नाय जासील तं जनमभर सोताचाच खासील."

चार वाजायला पाच मिनिटं असताना तो दिघ्याच्या त्या खोलीत, लोखंडी खुर्चीच्या कडेवर टेकला होता. समोर कॉटवर हौसेराव, अंगाने आडवे, मिशा जाड. कोपऱ्यात जमिनीवर, भिंतीला टेकून, एक काटकुळा माणूस बसला होता. त्याची ओळख कुणी करून दिली नाही. आतल्या खोलीच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती.

हौसेरावांच्या हातात तो कागद होता. त्यांनी तो पुढून पाहिला, उलटवला, पुन्हा पुढून पाहिला.

"हे तुमचंच अक्षर?"

"हो."

"'मागे पहा' असं तुमीच लिवलंय?"

"हो, पण ते..."

"थांबा. मी बोलून घेतो." हौसेरावांनी घसा साफ केला. "माझ्या पोरीला आजवर नऊ स्थळं आली. नऊही जणांनी पुढच्या पानावर घराण्याची अशी आरती लिवली होती, की वाटावं सगळे संतच जन्माला आल्यात. मागचं पान कुणी दाखवलं न्हाय. तुमी पहिले. आता ह्यात सगळंच मला पटलं असं न्हाय. वडील फासावर गेले म्हणता, आन् मंगळवारी तेच हितं बसून दोन कप चहा पिऊन गेले. मला वाटलं, दोर तुटला असंल."

कोपऱ्यातला माणूस खुदकन हसला.

"मामा अर्धा राक्षस, हे खरं असणार. मामा कुणाचाबी असू दे, तसाच असतोय. टोपणनावाचंबी समजलं, त्या धंद्यात लागतंयच. पर कुठंतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. न्हायतर असं कोण लिवतंय? म्हणून म्हटलं, एकट्याला बोलवावं. तुमी मागचं पान दाखवलं, आमीबी दावतो. हा माझा धाकटा भाऊ, सदू. तीन म्हैने तुरुंगात व्हता."

सदूने हात जोडले. "रामराम. तुमी किती काढली?"

"काय?"

"वर्सं."

हौसेराव सांगत राहिले. तेरा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेला जाणारी शेवटची एस.टी. तालुक्याच्या स्टँडवर उभी होती. ड्रायव्हर तापाने फणफणलेला. आत बेचाळीस माणसं, बायकापोरं, एक नवस फेडायचं बोकड. सदू डेपोत गाड्या धूत असे. त्याने किल्ली घेतली, गाडी काढली आणि सगळ्यांना गावात पोचवलं. गाडीला ओरखडा नाही. पण सरकारी गाडी पळवली ती पळवलीच. तीन महिने.

"गाव अजून नाव काढतंय त्याचं," हौसेराव म्हणाले, "पर स्थळ आलं की म्हणतंय, चुलता जेलात गेलेला, नको. एकानं तर सांगितलं, लगीन करू, पर तो मांडवात दिसता कामा नये. आमी न्हाय म्हणून सांगितलं. आता तुमच्यात एवढी माणसं आत जाऊन आल्यात म्हटल्यावर, आमचा सदू म्हंजे अगदीच किरकोळ. आमच्याकडनं होकार समजा."

खोलीत पंखा फिरत होता. इंद्रजितला हवं होतं ते समोर वाढून ठेवलेलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं, आणि हो म्हणायला फार बोलावंही लागत नाही. पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

"ते खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"मागचं सगळं. तो खेळ आहे. त्यात मी चोर होतो. खरा नाही. कागद पाठकोरा होता म्हणून..."

हौसेरावांच्या मिशा खाली आल्या. "म्हंजे तुमच्यात कुणीच आत गेलेलं न्हाय?"

"नाही."

"चुलता? आत्तेभाऊ?"

"नाही. एकदा दादांना हातगाडी आडवी लावली म्हणून दंड झाला होता."

"ते न्हाय चालत," सदू कोपऱ्यातून खेदाने म्हणाला.

हौसेराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुमी खेळ खेळलात आन् आमी घरातलं उघडं करून बसलो! उद्या मार्केटात बभ्रा होणार, बर्ग्याच्या घरात जेलवाला हाय. अकरावं स्थळ कुठनं येणार आता? वा रं वा, कागद पाठकोरा म्हणं!"

"आण्णा, मला माहीत होतं."

राजलक्ष्मी पडदा सारून बाहेर आली. हातात चहाचा ट्रे वगैरे काही नव्हता.

"पुढचं पान मीच टाइप केलंय. ते वाचून मला झोप आली होती. मागचं वाचून मी दोन रात्री हसतेय. अपेक्षा लूट! कुठला खरा चोर असं लिहील?"

"मग बोलली का न्हाईस?"

"हे खरं सांगतात का बघत होते. होकार मिळाल्यावर." ती इंद्रजितकडे वळली. "भुयारातून पसार, लिहिलंय. कसा?"

"म्हणजे?"

"काळोजी. तुरुंगातून सुटला कसा? पहारा नव्हता का?"

आणि इंद्रजित बोलू लागला. आधी अडखळत, मग सरळ. पहारेकरी दोन होते, एक बहिरा. काळोजीने आठवडाभर भिंतीवर नखाने टकटक करून बहिरा कुठला ते ओळखलं. बेडीला तेल लावायला रोजच्या भाजीवरचा तवंग बोटाने काढून साठवला. सदू पुढे सरकला. "ते न्हाय जमायचं. जेलातल्या भाजीला तवंग नसतोय. मी खाल्लीय." मग इंद्रजितने तवंग रद्द केला आणि दोघांनी मिळून दुसरी युक्ती काढली, दिव्यातलं तेल. हौसेराव रागातच ऐकत होते, पण काळोजी भुयारात शिरला तेव्हा तेही खाली बसले. "दिवा विझवून शिरला का?" त्यांनी विचारलं. "उजेड दिसंल न्हायतर बाहेर." चाळीस मिनिटं तो बोलत होता. चौदा ठिकाणी मिळून तो एवढा बोलला नव्हता.

थांबला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण उभे आहोत.

"माझी हरकत नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "पण एक. लग्नपत्रिकेत सदूकाकांचं नाव पाहिजे. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' करणाऱ्या बारक्या पोरांत नाही. निमंत्रकांत."

"राजे, नगं," सदू म्हणाला. "लोक बोलत्याल."

इंद्रजितने थोडा विचार केला. "कितव्या ओळीत?"

"म्हणजे?"

"निमंत्रकांची नावं मानाने लावतात. वडिलांच्या लगेच खाली सख्खा चुलता येतो. म्हणजे दुसऱ्या ओळीत. पूर्ण नाव काय त्यांचं?"

सदूने खिशातून मळका रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. "सदाशिव बाबूराव बर्गे," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी स्वतःचं नाव सबंध घेतल्यासारखा तो थोडा अडखळला. हौसेरावांनी आत तोंड करून चहा सांगितला.

लग्न वैशाखात, कोपरखैरण्याच्या मैदानावर झालं. पत्रिका शालनबाईंच्या चुलतदिराने वाचली आणि विचारलं, दुसऱ्या ओळीतला हाच का तो गाडीवाला? ज्योतिबा म्हणाले, "व्हय, हाच. बेचाळीस माणसं आन् एक बोकड. आपण पाठीवर येवढं कधी वाहिलं न्हाय." नामदेवशेट गावातल्या वीस माणसांना घेऊन आले आणि मांडवात सदूच्या शेजारी बसून एस.टी.चा क्लच कसा होता, ते तपशिलात विचारत राहिले. पावसाळ्यापासून राजलक्ष्मीही रविवारी गच्चीवर येऊ लागली. ती राक्षस होते, आणि काळोजी तिच्यापुढे फारसा टिकत नाही.

त्या रविवारी, १९ मार्चला, दिघ्याहून निघताना इंद्रजितने नाक्यावरच्या पीसीओतून दोन फोन केले होते. एक कोपरखैरण्याला, शेजाऱ्यांकडे, आईला निरोप द्यायला. दुसरा पावण्याला, नामदेवशेटांना. त्याच्याजवळ पन्नासची नोट होती आणि पीसीओवाल्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून पोचवायला आलेल्या सदूने पैसे भरले. सदूचे दोन रुपये इंद्रजितकडून यायचे आहेत.